ठोकळा धरणारा

१

सकाळी सव्वासातला कॉल ट्रेगेन्झा गॅरेजचं शटर वर करायचा आणि पावणेआठपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसून, चहाचा मग गुडघ्यावर टेकवून तो नुसता व्हॅनकडे बघत राहायचा. त्याची बायको नोरीन म्हणायची, "लग्नाआधी माझ्याकडे इतकं बघितलं असतंस, तर मी दोन वर्षं आधीच हो म्हटलं असतं."

व्हॅन अठ्ठावन्न सालची, पावाची. आधी तिने पॅस्को बेकरीचा पाव वॉलरू ह्या बंदराच्या गावात घराघरांत पोचवला. मग कुणीतरी तिच्यात मेंढ्यांची लोकर भरली, मग कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली, आणि वीस वर्षांपूर्वी कॉल आणि त्याचा धाकटा भाऊ कीथ यांनी तिला एका गव्हाच्या शेताच्या कुंपणाजवळून ओढून घरी आणली. आणली त्या दिवशी कीथने मागचं दार उघडझाप करून बघितलं होतं. दाराला आतून उघडायची कडी नव्हती. "पाव काही स्वतःहून बाहेर येत नाही ना," तो म्हणाला होता.

काम सोडलं की दोघांनी मिळून ती नवी करायची, असं ठरलं. मग ती ताडपत्रीखाली गेली ती गेलीच. वॉलरूची खारी हवा ताडपत्रीला जुमानत नाही, गंज आपलं काम करत राहिला. आणि गेल्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, कीथ गेला. त्याची फुप्फुसं केव्हाच कामातून गेली होती.

दफनाच्या दिवशी कॉलने कीथच्या बायकोला, ग्लेनिसला, शब्द दिला होता की मेमधल्या गावच्या मिरवणुकीत ती ह्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसलेली असेल. कुणी मागितला नव्हता, तरी दिला. शब्द द्यायचा आणि विसरायचा हे त्याने कीथच्या बाबतीत आयुष्यभर केलं होतं. हा एक तरी पाळायचा, असं त्याने मनाशी घट्ट ठरवलं होतं.

एप्रिल लागेपर्यंत इंजिन झालं, ब्रेक झाले, लाकडी फळ्या झाल्या. राहिला होता तो पत्रा. आणि पत्रा हाच तर त्याचा जन्माचा धंदा.

२

दोघा भावांनी चौतीस वर्षं डेंटिंगचं दुकान चालवलं. ठोकरलेल्या, चेपलेल्या गाड्या यायच्या आणि सरळ होऊन जायच्या. पत्र्याचा पोचा काढायचा तर बाहेरून हातोडी आणि आतून लोखंडी ठोकळा, असे दोन्ही लागतात. छोट्या गाडीला एकच माणूस पुरतो, एक हात बाहेर आणि एक हात आत. पण व्हॅनच्या रुंद बाजूला हात पुरत नाही. तिथे माणसंच दोन लागतात, एक बाहेर ठोकणारा आणि एक आत अंधारात ठोकळा धरून बसणारा.

मागे ठोकळा असला की हातोडीचा आवाज आखूड आणि स्वच्छ येतो. नसला की पत्रा नुसता भदभदतो. हा फरक कॉलला झोपेतही कळला असता.

मागचं दार मात्र लावूनच ठोकावं लागतं. उघडं ठेवलं तर सांगाडा खाली बसतो आणि सगळी रेघ वाकडी येते. म्हणजे आतला माणूस बंद डब्यात. त्यात ठोकणं चालू झालं की काही ऐकू येत नाही. "मी ओरडलो तरी माझं मला ऐकू येत नाही," कीथ म्हणायचा. म्हणून त्यांनी ठोक्यांची खूण ठरवली होती. दोन ठोके म्हणजे ठोकळा वीतभर पुढे सरकव. आतून तीन ठोके म्हणजे बस झालं, मला बाहेर काढ. बाहेरून एक ठोका म्हणजे थांब.

अर्धा दिवस एकाने आत बसायचं, अर्धा दिवस दुसऱ्याने, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात कॉल दोनदा आत बसला. गुदमरला, घामाघूम झाला, बाहेर येऊन ओकला. त्यानंतर त्याचे गुडघे दुखायला लागले, मग कंबर, मग गिऱ्हाइकांशी बोलायला बाहेर कुणीतरी लागतंच की, असं करत करत तो कायमचा बाहेर राहिला. "एवढा पत्रा झाला की मी येतो आत," तो म्हणायचा. कीथ बारीक होता, हसरा होता, आणि धाकटा होता. आतून तीन ठोके यायचे, कॉल बाहेरून एक द्यायचा. आणि आत त्या डब्यात जुन्या रंगाची, लांबी-पुट्टीची, गंजाची धूळ कीथ श्वासाबरोबर ओढत राहायचा.

डॉक्टरने कारण सिगारेटी म्हणून सांगितलं होतं. कॉलने ते लगेच मान्य केलं होतं.

३

ग्लेनिस एका मंगळवारी मटण-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या गरम पेस्ट्या घेऊन आली, आणि पिशवीच्या तळाशी एक जड वस्तू घेऊन.

"हे घे बाबा," ती म्हणाली. "नऊ महिने दाराला टेकण म्हणून वापरलं. रोज माझा अंगठा ठेचतो. माणूस गेला तरी पायात यायचं काही थांबत नाही."

कीथचा ठोकळा होता. साबणाच्या वडीएवढा, एका बाजूला तळहाताच्या खळगीसारखा झिजलेला. कॉलने तो हातात घेतला. त्याच्या हाताला तो नीट बसेना.

"माझ्याबद्दल बोलायचा का गं कधी?" त्याने विचारलं. "आत बसण्यावरून?"

"काय बोलणार? संध्याकाळी खोकत यायचा आणि म्हणायचा, उद्या कॉल आत बसणार आहे." ग्लेनिस हसली. "रोज! मी म्हणायचे, होय रे राजा, आणि परवा मी पोप होणार आहे."

कॉलही हसला. ती गेल्यावर त्याने हातातली पेस्टी न खाताच पिशवीत परत ठेवली.

दुपारी त्याने ठोकळा व्हॅनमध्ये चाकाच्या कमानीवर ठेवला, दार लावलं आणि उजव्या बाजूला हातोडी लावून बघितली. एकट्याने हे होणारं काम नव्हतं, त्याला ठाऊक होतं. मागे काही नसताना जेवढा उठेल तेवढा पोचा उठवायचा आणि बाकीचा लांबी भरून झाकायचा, असा त्याचा बेत होता. पत्रा भदभदला. चार ठोके, सहा ठोके. हाताने आपलं काम केलं आणि मग सवयीने हातोडी दोनदा हलकेच टेकवली. सरकव पुढे.

कुणाला सांगतोयस, असं तो स्वतःशीच म्हणाला आणि वीतभर पुढे हातोडी मारली.

आवाज आखूड आणि स्वच्छ आला.

४

कॉल काही भाबडा माणूस नव्हता. चर्चला तो लग्नाला आणि मयताला जायचा, बाकी रविवारी मासे धरायचा. त्याने हातोडी खाली ठेवली, व्हॅनला फेरी मारली, मागचं दार उघडलं. आत कुणी नव्हतं. फळ्या, धूळ, बारीक पडलेलं ऊन. पण ठोकळा कमानीवर नव्हता. तो खाली फळीवर होता, जिथे बाहेरून शेवटचा ठोका पडला होता तिथेच, पत्र्याला टेकून.

घसरला असेल. हादऱ्याने वस्तू घसरतात. पत्रा उन्हाने तापून ताणला की आवाजही बदलतो, हे त्यानेच कितीदा गिऱ्हाइकांना समजावलं होतं.

त्याने ठोकळा खिशात घातला, दार लावलं आणि त्याच जागी ठोकलं. पत्रा भदभदला. ठोकळा पुन्हा आत ठेवला, ह्या वेळी पार पलीकडच्या डाव्या कमानीवर, आणि दार लावून उजव्या बाजूला ठोकलं. सुरुवातीला भदभद. मग दोन हलके ठोके, आणि स्वच्छ आवाज.

त्याला भीती वाटली का? वाटली, पण थोडीच, आणि तीही मानेच्या मागे कुठेतरी. जास्त त्याला नवल वाटलं ते पोच्याचं. पोचा बसत होता. हाताखाली पत्रा सरळ होत होता, इतका बेमालूम की चौतीस वर्षांत असा झाला नव्हता. कामातल्या माणसाला काम चांगलं होताना थांबवत नाही. त्या दिवशी त्याने चार फूट पत्रा सरळ केला आणि संध्याकाळी दार उघडून ठोकळा उचलला.

ठोकळा गरम होता, पण सगळा नव्हे. झिजलेल्या खळगीपुरताच.

५

पुढचा सगळा आठवडा असाच गेला. कॉल रेडिओवर फुटबॉलची चर्चा लावून ठेवायचा आणि ठोकत राहायचा. हळूहळू तो बोलायलाही लागला. बंदरातल्या माशांबद्दल, धान्याच्या कोठारांवर बसणाऱ्या गुलाबी पोपटांबद्दल, नोरीनच्या नव्या चष्म्याबद्दल. उत्तर यायचं नाही, आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. कीथही आतून कधी बोलत नसे. खरं सांगायचं तर नऊ महिन्यांत त्याला पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

शुक्रवारी त्याने गंजाची भोकं शोधायला घेतली. त्याची रीत साधी आहे. आत एक दिवा लावायचा, शटर निम्मं ओढून गॅरेजमध्ये थोडा अंधार करायचा, आणि बाहेरून बघायचं. जिथे जिथे पत्रा खाल्ला गेलाय तिथे उजेडाचे ठिपके दिसतात. डाव्या बाजूला कमरेएवढ्या उंचीवर अशा आठ ठिपक्यांची ओळ निघाली. कॉल खडूने एकेका ठिपक्याभोवती गोल काढत गेला.

मागच्या टोकाचा पहिला ठिपका विझला.

मग पेटला, आणि दुसरा विझला. दुसरा पेटला, तिसरा विझला. कॉल खडू हवेत धरून बघत राहिला. आत दिव्याच्या आणि पत्र्याच्या मधून काहीतरी सरकत होतं, घाई न करता, पाठीत वाकून चालणाऱ्या माणसाच्या गतीने. कॉल उभा होता त्या सहाव्या ठिपक्यापाशी ते आलं आणि सहावा ठिपका विझला तो विझलेलाच राहिला.

दोघांमध्ये पत्र्याची एवढीशी जाडी होती.

पतंग असेल, कॉलने स्वतःला सांगितलं. दिव्यावर पतंग येतात. त्याने जाऊन दार उघडलं. दिवा होता, ठोकळा होता, पतंग नव्हता. त्याने दिवा काढून घेतला आणि शटर पूर्ण वर केलं. बाहेर नोरीन दोरीवर चादरी वाळत घालत होती. ती चिमटे तोंडात धरून काहीतरी म्हणाली, त्याने हात हलवला, आणि सगळं नेहमीसारखं होतं.

६

बुधवारी डाव्या बाजूचा शेवटचा पत्रा राहिला होता, मागच्या दाराजवळचा. रंगवाला गुरुवारी सकाळी येणार होता, मिरवणूक दहा दिवसांवर होती. ग्लेनिसने नवी टोपी घेतल्याचं फोनवर सांगितलं होतं.

अकराच्या सुमाराला कॉल घाम पुसायला थांबला. रेडिओवर जाहिराती चालू होत्या. तेव्हा आतून ठोके आले.

एक. दोन. तीन.

ते जोरात नव्हते. दमलेल्या हाताने बोटांच्या पेरांनी मारावेत तसे होते. आणि कॉलने काय करावं? विचार करायच्या आत त्याचा हात उठला आणि हातोडीने पत्र्यावर एक ठोका दिला. थांब.

आत सगळं शांत झालं. अगदी नेहमी व्हायचं तसं.

कॉल पिंपावर बसला. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की चेहरा तापला. माणूस मेला तरी आपण त्याला बाहेर येऊ देत नाही, असं त्याच्या मनात आलं. आत काय आहे, कोण आहे, हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. पण हिशेब सरळ होता. अर्धा दिवस एकाने, अर्धा दिवस दुसऱ्याने. त्याची पाळी चौतीस वर्षं राहिली होती.

त्याने उठून दार उघडलं, आणि दार सताड उघडं टाकून तो जेवायला गेला.

जेवताना नोरीन म्हणाली, "सकाळपासून कुणाशी बोलत होतास?"

"व्हॅनशी."

"उत्तर देते का?"

"टिचक्या मारते."

"मग माझ्याहून बरी. मी बोलले की तू उठून जातोस." तिने त्याच्या ताटात आणखी बीट वाढलं. "चेहरा का असा उतरलाय?"

"काही नाही. शेवटचा पत्रा राहिलाय. तीनला चहा गॅरेजमध्ये आण हं. नक्की आण."

"कधी नाही आणला?"

खरं म्हणजे त्याला आणखी एक सांगायचं होतं. चहा आणशील तेव्हा व्हॅनचं मागचं दार उघड. पण त्याची जीभ रेटेना. का, कशाला, ह्या वयात तुला आत कोंडून घ्यायची काय हौस, असं सगळं तिने विचारलं असतं आणि त्याला कीथबद्दल बोलावं लागलं असतं. आणि ते तर चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्यापाशी कधी काढलं नव्हतं.

७

दोन चाळीसला कॉल आत शिरला. गुडघे खरंच दुखले, आणि त्याचं त्याला जरा हसू आलं. लोकरीचा आणि शिळ्या कणकेचा वास होता. शेवटच्या पत्र्यापाशी तो पाय दुमडून बसला, कीथचा ठोकळा हातात घेतला. पाच-दहा मिनिटं बसू, त्याने ठरवलं, मनातलं काय ते बोलू, तेवढ्यात नोरीन येईलच. ती आली की हाक मारू.

दार मात्र त्याने स्वतःच ओढून घेतलं. उघडं ठेवलं तर रेघ वाकडी येते, हे त्यानेच कीथला हजारदा सांगितलं होतं. खटका बसला.

अंधार झाला. आठ ठिपक्यांतून आता उलट, बाहेरचा उजेड आत येत होता.

"कीथ," तो म्हणाला, "माझी पाळी." आणि मग त्याला वाटलं होतं त्याहून सोप्या शब्दांत तो म्हणाला, "चुकलं माझं. मला आत भीती वाटायची, एवढंच होतं. गुडघेबिडघे काही नव्हतं."

बराच वेळ काही झालं नाही. कॉलच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. डोळे भरून आले ते त्याने निळ्या बाहीला पुसले.

मग बाहेरून पत्र्यावर पहिला ठोका पडला.

कॉलने ठोकळा लावला. लावलाच, हाताला दुसरं काही येत नव्हतं. ठोके पडत गेले, नेमके, सावकाश, जाणत्या हाताचे. आत तो आवाज कानांत, दातांत, डोक्याच्या कवटीत भरला. चौतीस वर्षं हे असं होतं तर, कॉलला वाटलं. धूळ उडून नाकातोंडात गेली. तो खोकला आणि स्वतःचा खोकला त्याला ऐकू आला नाही.

दोन हलके ठोके. त्याने ठोकळा वीतभर सरकवला.

असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी हात भरून आला, श्वास पुरेना, तेव्हा त्याने बोटांच्या पेरांनी पत्र्यावर तीन ठोके मारले. बस झालं.

हातोडी थांबली. बाहेर कुणीतरी क्षणभर विचार करत असावं. मग एकच ठोका आला.

कॉल सगळ्यात जवळच्या भोकाला डोळा लावून बसला. दिसली ती फक्त एक बाही, निळ्या कापडाची, कोपरापर्यंत दुमडलेली. आणि लांब गॅरेजच्या तोंडाशी, उन्हात, नोरीनच्या सपाता. ती धुळीमुळे कधी आत यायची नाही. तिने चहाचा मग तोंडाशीच असलेल्या पिंपावर ठेवल्याचा आवाज आला.

"चहा!" नोरीन म्हणाली. "येतोयस ना?"

कॉलने तोंड उघडलं आणि पूर्ण ताकदीने तिला हाक मारली. त्याच वेळी हातोडी पुन्हा सुरू झाली. तो ओरडला, दोन्ही मुठींनी पत्रा बडवला, आणि हातोडी त्यावरून चालत राहिली. मग ती थांबली तेव्हा कॉलच्या छातीत दम उरला नव्हता. बाहेरचा आवाज मात्र अगदी स्वच्छ आला. तो आवाज आणि ते वाक्य कॉलला चांगलं ओळखीचं होतं. दोन्ही त्याचीच होती.

"ठेव तिथे. एवढा पत्रा झाला की येतो."

"हे मी चाळीस वर्षं ऐकतेय," नोरीन हसत म्हणाली. सपाता उन्हात वळल्या आणि घराच्या दिशेने गेल्या. थोड्या वेळाने जाळीचं दार आपटल्याचा आवाज आला.

गॅरेजमध्ये रेडिओ चालू होता. निळी बाही भोकासमोर आली आणि उजेड गेला.

दोन हलके ठोके पडले. कॉलने ठोकळा वीतभर पुढे सरकवला.